दुकान रीतसर बंद करायला लागलेले आठ महिने

दुकान काढायला आजोबांना दोन दिवस लागले होते म्हणे. पहिल्या दिवशी जागा बघितली, दुसऱ्या दिवशी नारळ फोडला. साल १९६३. तेच दुकान रीतसर बंद करायला मला आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आठ महिने लागले. ‘रीतसर’वर माझा जोर आहे. नुसतं कुलूप लावून घरी बसणारे पुष्कळ असतात, आणि दोन वर्षांनी हातात नोटीस घेऊन सल्लागाराच्या जिन्यात ताटकळणारेही तेच असतात. मी सीए नाही, वकीलही नाही. पुण्यात नोकरी करते आणि शनिवार-रविवार सांगलीला जाऊन हे निस्तरलं. तुमचे तपशील वेगळे असतील, ते आपापल्या माणसाला विचारा. पण कोणत्या क्रमानं काय समोर येतं एवढं कळलं तरी धास्ती निम्मी होते.

दुकान गणपती पेठेतल्या एका बोळात. अकरा फूट रुंद, आत मात्र लांबच लांब. पुढं अण्णांचं हार्डवेअर: खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, अलिगडची कुलपं, नळाचे वायसर, काथ्या आणि सफेदा, स्टोव्हच्या पिना, कंदिलाच्या काचा. मागं धाकट्या काकांचं इलेक्ट्रॉनिक्सचं काउंटर. काका महिन्यातून एकदा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचे. सकाळी लोहार चाळीत होल्डर-स्विच, मग नागदेवी स्ट्रीटवर अण्णांच्या यादीतली हत्यारं, दुपारी लॅमिंग्टन रोड, आणि रात्री तीच गाडी धरून परत. येताना पिशवीत ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, डायोड. हे सगळं काड्यापेट्या एकमेकींना चिकटवून केलेल्या खणांत जायचं. खणावर निळ्या शाईनं बीसी ५४८, ४००७, ५५५. मला वाचता यायला लागलं ते या खणांवर, असं आई म्हणते. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, थोडीच.

ऐंशीच्या दशकात टीव्ही आले तेव्हा काकांचा दिवस गच्चीवरच जायचा. वर अँटेना फिरवणारे काका, जिन्यात निरोप्या म्हणून मी, आणि खाली टीव्हीसमोर सगळं घर. “आलं का?” “मुंग्या येतायत!” “आता?” “आता माणूस दिसतोय, पण दोन दिसतायत!” काका २०११ मध्ये गेले. त्यांचं काउंटर अण्णांनी हलवलं नाही, वापरलंही नाही.

धंदा कशानं बसला म्हणाल, तर लोक लगेच ऑनलाइनकडं बोट दाखवतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. आधी दुरुस्ती करणारा माणूस गेला, मग त्याला सुटा माल देणारा. स्टोव्ह गेला तेव्हा पिना गेल्या. तयार फर्निचर आलं तसा सुतार दारात यायचा कमी झाला. मॉड्युलर स्विच आले आणि काळ्या बेकलाइटच्या बटणांचं खोकं वरच्या फळीवर गेलं. त्यात २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि आमच्या दुकानात पाणी माळ्याला टेकलं. पाणी ओसरल्यावर स्क्रूची खोकी उघडली तर आत गंजाचा एकेक गोळा. त्यानंतर अण्णांनी माल भरला, पण पूर्वीसारखा नाही. आणि खरं कारण सांगायचं तर पुढं बसायला कोणी नव्हतं. ते कोणी म्हणजे मी.

२०२४ च्या लक्ष्मीपूजनाला, १ नोव्हेंबरला, अण्णांनी वहीवर ‘श्री’ काढला आणि पूजा झाल्यावर म्हणाले, “ही शेवटची वही. मार्चअखेर आटपू.” अण्णा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, एखादा अर्ज असेल.

बंद करायची तारीख आर्थिक वर्षाच्या शेवटी धरली हे अण्णांचं शहाणपण. वर्षाच्या मध्येच बंद केलं तरी चालतं, पण हिशेबाची दोन टोकं जुळवत बसावं लागतं. ३१ मार्च २०२५ धरली, म्हणजे हातात पाच महिने.

पहिला अडथळा जानेवारीत, आणि तोही अगदी फालतू. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन करायला गेले तर ओटीपी भलत्याच नंबरवर. नोंदणी २०१७ मध्ये आमच्या जुन्या सल्लागारांनी केली होती आणि मोबाइल, ईमेल दोन्ही त्यांचेच घातले होते. त्यांनी काम केव्हाच बंद केलेलं, नंबर बंद. पुढची विवरणपत्रं त्यांच्याकडचाच एक मुलगा जुन्या पासवर्डवर भरत होता. शेवटी अण्णांना घेऊन जीएसटीच्या कार्यालयात गेले. साधा अर्ज, पॅन, आधार, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत. नऊ दिवसांनी नंबर बदलून मिळाला. तुमच्या घरी कोणाचं दुकान चालू असेल, बंद करायचा विचारही नसेल, तरी आज ओटीपी कोणाच्या फोनवर जातो एवढं बघून ठेवा.

मग मालाची मोजदाद. दोन शनिवार-रविवार गेले. जीएसटीत प्रत्येक मालाला एचएसएन क्रमांक असतो, आणि आमच्या नव्या सीएबाईंनी यादी त्या क्रमानं मागितली. खिळे ७३१७, स्क्रू-नट-बोल्ट ७३१८, कुलपं ८३०१, बिजागऱ्या ८३०२, नळ ८४८१, वायर ८५४४. मी लॅपटॉप घेऊन बसले, अण्णा शिडीवर. कागदावर सगळं मिलिमीटर आणि किलो, अण्णांच्या तोंडात इंच आणि सूत. “तीन सूत, दोन इंची, बोल्ट, एक डबा.” आठ सुतांचा इंच, म्हणजे तीन सूत साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा. आमच्या बोळात तो वजनापर्यंत आला, जाडीपर्यंत काही आला नाही.

मोजताना एक लक्षात आलं. दर चार-पाच डब्यांमागं एक डबा ‘किरकोळ’ म्हणून निघायचा. त्यात जोड हरवलेले बोल्ट, एकाच बाजूच्या बिजागऱ्या, कुठल्या तरी बंद पडलेल्या कंपनीच्या नळाचे तोटीचे भाग. मी म्हटलं, हे भंगारात. अण्णा शिडीवरूनच म्हणाले, “त्या डब्यावर दुकान चाललंय.” गिऱ्हाईक तुटलेला भाग हातात घेऊन यायचं. अण्णा तो बोटांत फिरवायचे, डोळ्यांजवळ न्यायचे, आणि मग बरोब्बर कुठल्या तरी किरकोळ डब्यात हात घालायचे. सापडलं तर तीन रुपये. पण त्या तीन रुपयांच्या मागून ते गिऱ्हाईक पुढं बांधकाम काढलं की तीस हजारांचा माल न्यायचं. यादीत मी या डब्यांपुढं ‘मिश्र, लोखंड-पितळ, १८ किलो’ असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

आता माल विकण्याबद्दल, कारण पैशांची चूक इथंच होते. नोंदणी रद्द करताना जो माल शिल्लक असेल त्यावरचं घेतलेलं टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं, किंवा त्या मालावर विक्रीचा कर धरावा लागतो. दोन्हींपैकी जे जास्त ते. शिवाय क्रेडिटच्या खात्यात जमा पडलेली रक्कम रोख परत मिळत नाही, वापरली नाही तर गेली. आमचे असे २३ हजार जमा होते. सीएबाईंचा सल्ला साधा होता: तोट्यात का होईना, पण ३१ मार्चच्या आत सगळा माल बिलावर विका. विक्रीवरचा कर त्या जमेतून वळता होईल आणि शिल्लक माल शून्य दाखवता येईल. नातेवाइकांना, ओळखीच्यांना ‘घेऊन जा’ म्हणून वाटू नका. फुकट दिलेल्या मालाचंही क्रेडिट परत करावंच लागतं.

चालता माल मिरजेच्या एका व्यापाऱ्यानं खरेदीच्या पंधरा टक्के खाली घेतला. बोल्ट कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं वजनावर नेले. लोखंडाचं भंगार किलोला ३० रुपयांनी गेलं, पितळेला चांगला भाव आला. घासाघीस अण्णांनी एकदाच केली, रंधे आणि पटाशांसाठी. “हे भंगार नाही. सुताराला दे, भंगारवाल्याला नको.” मग मी एका सुतारमामांना फोन केला, ते मुलाला घेऊन आले. बिल त्यांचंही केलं.

काकांच्या काउंटरला मी शेवटपर्यंत हात लावला नव्हता. फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी लावला. खालच्या कप्प्यात, पुराच्या पाण्यातून गेलेल्या पत्र्याच्या पेटीत, रेडिओचे चौदा व्हॉल्व निघाले. खोकी कुजलेली, पण काच शाबूत. ईसीएच ८१, ईझेड ८०. त्यांचाही एचएसएन असतो, ८५४०. पुण्यातला जुने रेडिओ दुरुस्त करणारा एक तरुण सांगलीपर्यंत आला आणि एकेक व्हॉल्व उजेडाकडं धरून बघत बसला. अण्णा त्याच्याकडं बघत होते. तो गेल्यावर म्हणाले, “तुझा काका असाच धरायचा.” त्या दिवशी पुढं काही काम झालं नाही.

काड्यापेट्यांचे खण मात्र विकले गेले नाहीत. पुरात लगदा होऊन वाळले होते, उचलले तर हातात आले.

याच काळात उधारीची वही. एकूण येणं १ लाख ८६ हजार, वसूल झाले ७१ हजार. मी सगळ्यांना मेसेज पाठवणार होते, अण्णांनी अडवलं. त्यांनी पोस्टकार्डं आणली आणि स्वतःच्या हातानं लिहिली: ‘दुकान ३१ मार्चला बंद होत आहे. आपल्याकडे बाकी रु. अमुक. सवडीने यावे.’ मोठ्या कंत्राटदारांपैकी एकजण आला. छोट्या रकमांवाले जवळजवळ सगळे आले. तासगावहून एक वायरमन ३४० रुपये द्यायला एसटीनं आला, आणि चहा पिऊन जाताना वहीतल्या त्याच्या नावावर रेघ मारलेली स्वतः बघून गेला.

जागा भाड्याची, आजोबांच्या वेळची. भाडं महिना ६४० रुपये. अशी जागा सोडताना मालकाकडून रक्कम घेणं हे चोरूनमारून करायचं काम आहे असं मला वाटत होतं. तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५६ प्रमाणं भाडेकरूला भाडेहक्क सोडण्याबद्दल मोबदला घेता येतो. मात्र सगळं लेखी करा, चेकनं घ्या, आणि ताबा कुठल्या तारखेला दिला ते कागदावर आणा. ही रक्कम भांडवली नफ्यात धरली जाते आणि तिच्यावर आयकर लागतो. हे सीएबाईंनी सांगितलं त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत नीट. मुद्रांक किती लागेल, दस्त नोंदवावा का, हे वकिलांना विचारूनच करा. शेजारच्या दुकानदाराचं ऐकू नका. वकिलांनी ६ हजार घेतले, सीएबाईंनी सगळ्या कामाचे मिळून ९ हजार, हमाली आणि टेम्पो साडेचार हजार. माझा एसटीचा खर्च मी मोजला नाही.

३१ मार्च सोमवारी आला आणि त्याच दिवशी ईद. आदल्या दिवशी गुढीपाडवा झालेला. पाडव्याला गुढी दुकानावर उभारायची की नाही यावर घरात वाद झाला आणि शेवटी उभारली. सोमवारी दुकानात विकायला काहीच नव्हतं, तरी अण्णा सकाळी साडेनऊला इस्त्रीचा सदरा घालून जाऊन बसले. दुपारी आमचे जुने प्लंबरचाचा नातवाच्या हातात शीरखुर्म्याचा डबा देऊन आले. चाळीस वर्षं काथ्या-सफेदा आमच्याकडून नेणारा माणूस. दोघं रिकाम्या फळ्यांकडं तोंड करून बसले आणि बोलले ते सगळं सीपीव्हीसी पाइपाला शिव्या देणारं. साडेसातला अण्णांनी शटर ओढलं. नेहमीसारखं तीनदा कुलूप ओढून बघितलं.

पुढचं काम कागदी. ५ एप्रिलला नोंदणी रद्द करण्याचा अर्ज भरला, फॉर्म आरईजी-१६. धंदा बंद केल्यापासून तीस दिवसांत भरायचा असतो. कारण, बंदची तारीख, शिल्लक माल, देणं, आणि पुढच्या पत्रव्यवहाराचा पत्ता. तिथं दुकानाचा नव्हे, घरचा पत्ता घाला. दुकान तुमचं राहिलेलं नसतं. अर्ज केला म्हणजे विवरणपत्रं संपली असं समजू नका. आमची जानेवारी ते मार्च तिमाही बाकी होती. जीएसटीआर-१ आणि ३बी दोन्ही एप्रिलमध्येच भरली. २१ एप्रिलला पोर्टलवर विचारणा आली की शिल्लक माल शून्य कसा. मला घाम फुटला. सीएबाई म्हणाल्या, “ताई, विचारणा म्हणजे आरोप नाही.” मार्चमधल्या विक्रीची बिलं आणि जागेचा ताबा दिल्याचा कागद जोडून चौथ्या दिवशी उत्तर दिलं. ८ मे रोजी रद्द झाल्याचा आदेश आला. एक पानाचा. अण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारलं, “एवढंच?”

एवढंच नव्हतं. आदेशानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरावं लागतं. बरेच लोक आदेश आला की पोर्टलकडं फिरकत नाहीत, आणि इथं उशीर झाला की दिवसागणिक दंड चढतो. आमचं १२ जूनला भरलं.

व्यवसाय कराची नोंदणी वेगळी असते, ती आपोआप जात नाही. आणि इथं मी कपाळावर हात मारला. पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्यांना महाराष्ट्रात हा कर माफ आहे. अण्णा वर्षाला २,५०० रुपये दरवर्षी, न चुकता, पासष्टीनंतरही भरत होते. “सरकारचे पैसे आहेत, बुडवायचे नाहीत,” हे त्यांचं त्यावरचं म्हणणं. तुमच्या घरातल्या ज्येष्ठ दुकानदाराचं चलन एकदा काढून बघा.

शॉप ॲक्टची बंदची सूचना ऑनलाइन दिली, त्याला चहा थंड व्हायच्या आत काम झालं. विजेचं मीटर आजोबांच्याच नावावर होतं, त्यामुळं कायमची जोडणी तोडायला वारसांचे कागद लागले आणि जमा ठेव मिळायला सात आठवडे. ती ठेव येईपर्यंत चालू खातं बंद करू नका. दुसरीकडून, पैसे आल्याचं ओरडून सांगणारा तो छोटा स्पीकर मात्र आधी परत करा. आम्ही विसरलो. दुकानात मीठसुद्धा उरलं नव्हतं आणि खात्यातून त्याचं भाडं एप्रिल, मे, जून कापलं जात होतं. ३ जुलैला खातं बंद झालं, त्या दिवशी मी हे सगळं संपलं असं धरलं.

वह्या आणि बिलं मात्र संपलेली नाहीत. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ती ठेवावी लागतात, म्हणजे शेवटच्या वर्षाची ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. लक्ष्मीपूजनाच्या ‘श्री’ची ती वहीही त्यातच आहे. पाच पोती आमच्या माळ्यावर आहेत. यंदा पाऊस वाढला की अण्णा आधी माळा बघतात.

गेल्या महिन्यात घरी गेले होते. सकाळी बेल वाजली. दारात शेजारच्या गल्लीतले एक आजोबा, रुमालात गुंडाळलेली नळाची तोटी घेऊन. “अण्णा आहेत का? याचा वायसर कुठं मिळंना.” अण्णा बाहेर आले, तोटी बोटांत फिरवली, डोळ्यांजवळ नेली आणि आत गेले. पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मी बघायला गेले तर तिथं तो अठरा किलोचा ‘मिश्र’ डबा, यादीत भंगार म्हणून विकलेला.

“अण्णा, आपण शिल्लक माल शून्य लिहून दिलाय.”

“मग मी भंगारवाल्याकडून परत विकत घेतलाय. त्याचं बिल आहे माझ्याकडं.”

वायसर बसला. आजोबांनी खिशातून पाचची नोट काढली, तर अण्णांनी हात मागं घेतला.

“ठेवा ठेवा. आता नंबर नाही आमच्याकडं.”